सारायेव्होच्या चुलीपाशीं

पर्वतीच्या पायऱ्या चढून ज्यांनीं खालीं पसरलेलें पुणें पाहिलें आहे, त्यांस सारायेव्हो शहराची ठेवण समजावून देण्यास फार शब्द खर्चावे लागणार नाहींत. एकीच्या जागीं चोहों बाजूंस दहाबारा पर्वती कल्पाव्या. त्या पुण्याच्या पर्वतीहून कितीतरी उंच व गर्द झाडीनें झांकलेल्या असाव्या. मधून मुठेसारखीच एक उथळ नदी वाहत असावी. आणि त्या परातीसारख्या खोलगट जागेंत एक अख्खें राजधानीचें शहर बसविलेलें असावें, म्हणजे चित्र पुरें झालें. बोस्नियाच्या ह्या राजधानीच्या दक्षिणेस त्रेबेविच नांवाचा डोंगर आहे. त्यावर तारेच्या पाळण्यानें जातां येतें. हा पाळणा मूळचा 1959 सालचा; युद्धांत तो नष्ट झाला व 6 एप्रिल 2018 रोजीं पुनः सुरू झाला. पाळणा थोडा वर चढतो न चढतो तोंच आमच्या सौभाग्यवतींनीं खालीं बोट करून म्हटलें, “अहो, त्या गच्चीवर कोणी चादरी वाळत घातल्या आहेत पाहा.” खरेंच, चादरी होत्या, आणि त्यांवरच्या निळ्या पट्ट्याही ओळखूं येत होत्या. त्यानंतर वर पोहोंचेपर्यंत आम्ही दोघेंही कांहीं बोललों नाहीं. जें आम्हांस दिसत होतें, तें ह्याच उतारावर तोफेपाशीं बसलेल्या माणसांसही दिसत असलें पाहिजे.

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त व्हिएन्नास असतो. दोन वर्षांपूर्वीं ऑक्टोबर महिन्यांत आम्ही त्याच्याकडे गेलों असतां तेथून आठ दिवसांसाठीं सारायेव्होस जाऊन आलों. जाण्याचें कारण सांगावयाचें तर मनाला थोडा संकोच वाटतो. आमचा वाडिलोपार्जित वाडा पाडून तेथें सदनिका व्हावयाच्या, असें त्या सुमारास भावाभावांत ठरलें होतें, आणि आजोबांनीं जमविलेल्या ग्रंथसंग्रहाचें काय करावयाचें ह्यावरून घरांत बरीच बोलाचाली चालू होती. केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीसच्या तेवीस खंड त्या संग्रहांत आहेत. एका सदनिकेंत तें कपाट मावणार नाहीं असें धाकट्यांचें म्हणणें, आणि तें कपाट जाईल तेथें आम्ही जाऊं असें आमचें म्हणणें. अशा मनःस्थितींत, ज्या शहराचें ग्रंथालय तोफांनीं जाळलें तें शहर एकदां पाहावें असें आमच्या डोक्यानें घेतलें. सौभाग्यवतींना ह्या यात्रेचें मर्म ठाऊक होतें. त्या नुसत्या हंसल्या.

युद्धाचा इतिहास येथें सांगावयाचा नाहीं. परंतु दोन गोष्टी सांगितल्यावांचून पुढचें समजणार नाहीं. युगोस्लाव्हिया दुभंगत असतां 1992 च्या वसंतांत बोस्निया स्वतंत्र झाला, आणि त्यास विरोध करणाऱ्या बोस्नियन सर्ब फौजांनीं भोंवतालचे डोंगर धरून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत शहरास वेढा घातला. तो वेढा 29 फेब्रुवारी 1996 पर्यंत, म्हणजे 1425 दिवस राहिला. आधुनिक काळांत कोणत्याही राजधानीला इतका दीर्घ वेढा पडलेला नाहीं. आंत कोंडलेले लोक एका धर्माचे नव्हते. मुसलमान होते, क्रोएट होते, यहुदी होते आणि शहर सोडून न गेलेले हजारों सर्बही होते. वरून पडणारा गोळा नांव विचारून पडत नसे. वेढा घालणाऱ्या सेनापतींपैकीं गालिच व म्लादिच ह्या दोघांस हेग येथील न्यायालयानें पुढें जन्मठेप दिली. संयुक्त राष्ट्रांनीं ह्या देशांत जें संरक्षक दल पाठविलें, त्याचे पहिले सेनापति आपले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते, आणि ते मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी, हेंही जातां जातां सांगून ठेवितों.

आम्ही उतरलों होतों तें घर नदीपलीकडे बिस्त्रिक भागांत, एका जुन्या चार मजली इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होतें. घरांत दोनच माणसें: एक पंचाहत्तरीच्या आजीबाई व महाविद्यालयांत शिकणारी त्यांची नात. नात आजीस ‘नाना’ म्हणून हांक मारी. पहिल्या दिवशीं आम्हांस वाटलें, घरांत कोणी वडील पुरुष असावे. मग कळलें कीं तिकडील मुसलमान घरांत आजीलाच नाना म्हणतात. आजीबाईंस इंग्रजी येत नसे, नातीस उत्तम येई. तिच्या मध्यस्थीनें सौभाग्यवतींचें व त्यांचें पहिल्याच संध्याकाळीं असें जमलें कीं आम्हांस ओसरीवर बसलेल्या पुरुषासारखें नुसतें ऐकत राहावें लागलें. पुढें आम्ही जें लिहिणार आहों त्यांतलें बहुतेक त्या ऐकण्याचेंच फळ आहे. तोफगोळ्यांविषयीं आजीबाई क्वचितच बोलत. त्या बोलत त्या पाणी, सरपण आणि साबण ह्यांविषयीं.

नळाचें पाणी गेलें, वीज गेली, गॅस गेला. हीं तिन्ही मधूनमधून येत. आलीं म्हणजे मध्यरात्रींही सारी इमारत उठून धुणें धुऊं लागे. एरव्हीं पाणी आणावयाचें तें बिस्त्रिकच्या मद्याच्या कारखान्यांतून. तांबड्या विटांचा हा कारखाना 1864 पासूनचा. त्याच्याखालीं स्वतःचा झरा आहे, आणि वेढ्याच्या काळांत निम्मेंअधिक शहर ह्या झऱ्यावर जगलें म्हटलें तरी चालेल. लांबलांबून माणसें प्लॅस्टिकचे डबे घेऊन येत. मुलांच्या बाबागाड्या आणि बर्फावर घसरण्याच्या लहान गाड्या ह्यांना दोऱ्या बांधून त्यांवर डबे ओढीत नेत. रांगेवर गोळे पडत. 12 जुलै 1993 रोजीं शहराच्या दुसऱ्या टोंकास, दोब्रिन्या भागांत, पाण्याच्या अशाच रांगेवर गोळा पडून दहाहून अधिक माणसें मेलीं. आजीबाईंचें घर कारखान्यापासून जवळ, म्हणून त्या स्वतःस भाग्यवान समजत. “पण चौथा मजला!” असें म्हणून त्यांनीं गुडघ्यांवर हात ठेवले.

एका डब्याचें पाणी किती कामांस येतें हें आपल्याकडील दुष्काळी मुलखांतल्या बायकांस सांगणें नको. प्रथम तांदूळ धुवावयाचे, त्याच पाण्यानें भांडीं विसळावयाचीं, मग तें फरशीला, आणि शेवटीं उरेल तें संडासांत. मुलीचे केस आठवड्यांतून एकदां. आजीबाई स्वतः बाहेर निघतांना मात्र नेहमीं धुतलेला सदरा घालीत व ओंठांस रंग लावीत. सौभाग्यवतींनीं विचारलें, “अशा वेळीं सुचे कसें?” तर त्या म्हणाल्या, “रस्त्यांत पडलें तर परक्यांनीं उचलावयाचें. मळक्या कपड्यांत कसें सांपडावें?” ह्यावर सौभाग्यवतींनीं आमच्याकडे पाहिलें. आमच्या मातोश्री इस्पितळांत जाण्यापूर्वीं हेंच म्हणून लुगडें बदलावयास आंत गेल्या होत्या.

अन्नाची कथा लांब आहे. जुलै 1992 पासून विमानांनीं मदत येऊं लागली आणि ती जानेवारी 1996 पर्यंत येत राहिली. बर्लिनच्या प्रसिद्ध विमानवाहतुकीहूनही ती अधिक काळ चालली. त्यांतून तांदूळ, शेवया, घेवडा, पीठ आणि मांसाचे डबे मिळत. ‘इकार’ छापाच्या एका डब्याची कीर्ति अशी कीं त्यास कुत्रींमांजरेंही तोंड लावीत नसत. 2007 सालीं गांवकऱ्यांनीं ह्या डब्याचें एक भलें मोठें स्मारक उभारलें असून त्यावर आंतरराष्ट्रीय समाजाचे आभार मानले आहेत! उपकाराची फेड करण्याची ही तऱ्हा पाहून आम्हांस पुणेरी पाट्यांची आठवण झाली. ताजी भाजी दृष्टीस पडत नसे. बायका उतारावरचीं खाजकुइलीसारखीं रानटी पानें खुडून आणीत, सज्जांत डबे मांडून कांद्याचीं रोपें लावीत. कॉफी हा तर त्या लोकांचा प्राण. तीही मिळेनाशी झाली तेव्हां मसूर भाजून, कुटून, तिचें काळें पाणी त्याच तांब्याच्या लहानशा भांड्यांत उकळून, त्याच चिमुकल्या पेल्यांतून शेजाऱ्यांस देत. शेजारीण आली आणि पेला पुढें केला नाहीं असें एकही दिवस झालें नाहीं, हें आजीबाईंनीं दोनदां सांगितलें.

1993 च्या उन्हाळ्यांत विमानतळाच्या धावपट्टीखालून एक भुयार खणून पुरें झालें. त्याचा थोडासा भाग आज पाहावयास ठेवला आहे. लांबी जवळजवळ 800 मीटर, उंची दीड मीटरांहून थोडी अधिक, रुंदी मीटरभर. आम्ही त्यांत वांकून पंचवीस पावलें गेलों व पाठ धरून परत आलों. आजीबाईंचे यजमान ह्याच भुयारांतून पाठीवर बटाट्यांचें पोतें घेऊन आले होते, गुडघाभर पाण्यांतून. ते शाळेंत भूगोल शिकवीत. शाळांच्या इमारती धोक्याच्या झाल्यावर वर्ग जिन्यांत व तळघरांत भरूं लागले. ज्या जिन्यानें आम्ही रोज वर चढत होतों त्याच्याच पायऱ्यांवर बसून आजीबाईंची मुलगी, म्हणजे ह्या नातीची आई, दोन वर्षें शिकली. वडीलच गुरुजी, त्यामुळें सुटी म्हणून कधीं नव्हती, असें नातीनें हंसत सांगितलें.

तिसऱ्या दिवशीं आम्ही वियेच्निट्सा पाहण्यास गेलों. त्यासाठींच तर आलों होतों. ऑस्ट्रियन अमदानींत, 1896 सालीं, नदीकांठीं नगरभवन म्हणून बांधलेली ही मूरिश थाटाची इमारत पुढें राष्ट्रीय व विश्वविद्यालयीन ग्रंथालय झाली. तींत सुमारें पंधरा लक्ष ग्रंथ होते. 25 ऑगस्ट 1992 च्या रात्रीं तिच्यावर आग लावणाऱ्या गोळ्यांचा मारा झाला. ग्रंथपाल व गांवकरी माणसांची सांखळी करून हातोहात पुस्तकें बाहेर काढीत होते. त्यांच्यांतली आइदा बुतुरोविच ही तरुण ग्रंथपाल त्या आगीच्या काळांतच तोफगोळ्यानें मारली गेली. संग्रहाचा फार मोठा भाग जळाला. जळक्या पानांचे तुकडे वाऱ्यानें शहरभर उडत राहिले, आणि हातांत धरलेल्या पानावरचीं अक्षरें क्षणभर वाचतां येत व मग त्याची राख होई, असें पाहिलेले लोक सांगतात. त्याच्या तीनच महिने आधीं, 17 मे रोजीं, प्राच्यविद्या संस्था तिच्या पांच हजारांहून अधिक अरबी, फारसी व तुर्की हस्तलिखितांसह जळाली होती. सोळाव्या शतकापासून चालत आलेल्या गाझी हुस्रेव बेग ग्रंथालयाचीं हस्तलिखितें मात्र वांचलीं, कारण तेथल्या लोकांनीं तीं खोक्यांत भरून गोळीबारांतून ह्या घरांतून त्या घरांत पुनःपुन्हां हलविलीं.

वियेच्निट्सा 2014 च्या मे महिन्यांत पुनः उघडली. रंगीत कांचेचें छत, सोनेरी नक्षी, सारें जसेंच्या तसें. इमारत देखणी आहे, परंतु आम्हांस ती पाहवेना. त्या कमानींखालीं पूर्वींचा ग्रंथसंग्रह नाहीं. परत येतांना वाटेंत फरसबंदीवर तांबड्या रंगाची फुलासारखी आकृति दिसली. गोळा फुटून दगडास पडलेले चरे तांबड्या राळेनें भरून ठेवले आहेत. जेथें माणसें मेलीं तेथेंच हीं चिन्हें आहेत. सौभाग्यवती नकळत बाजूनें गेल्या, जशा रांगोळीवर पाय पडूं नये म्हणून जातात.

संध्याकाळीं जेवणानंतर आम्ही ग्रंथदाहाविषयीं बरेंच बोललों. पुस्तक जाळणारा माणूस माणसांतून उठला, असें कांहींसें वाक्यही आमच्या तोंडून गेलें. नातीनें तें जसेंच्या तसें आजीस सांगितलें काय, आम्हांस ठाऊक नाहीं. आजीबाई उठल्या, आंतल्या खोलींतून एक शाळकरी वही घेऊन आल्या आणि ती आमच्यापुढें ठेवून म्हणाल्या, “आम्हींही जाळलीं. तीनशें बारा.”

पहिल्या हिवाळ्यांत बागांतलीं झाडें तुटलीं. मग घरांतलें जुनें सामान गेलें, जुने जोडे गेले, खोलीची लांकडी जमीन उखडली. पत्र्याचे डबे कापून केलेली वीतभर चूल, तिचा धुराडा खिडकींतून बाहेर काढलेला, आणि खिडकीस कांचेऐवजीं संयुक्त राष्ट्रांचें प्लॅस्टिक. बाहेर बर्फ. पुस्तकांचें कपाट आधीं जाळलें. पुस्तकें कांहीं दिवस भिंतीशीं जमिनीवर रचून होतीं. मग यजमानांनीं एके रात्रीं निवड करावयास घेतली. पहिल्यानें पक्षाच्या अधिवेशनांचे वृत्तांत आणि पुढाऱ्यांचीं भाषणें. त्यांविषयीं कोणास दुःख झालें नाहीं. मग ज्यांच्या दोन प्रती होत्या तीं. मग युगोस्लाव्हियाच्या विश्वकोशाचे जाडजूड खंड. ज्या देशाचा कोश तो देशच उरला नव्हता, असें यजमान म्हणाले म्हणे. दुसऱ्या हिवाळ्यांत कादंबऱ्यांची पाळी आली, आणि शेवटीं आंद्रिचची.

वहींत प्रत्येक पुस्तकाचें नांव, कर्त्याचें नांव, छापल्याचें साल आणि जाळल्याची तारीख होती. पांचव्या रकान्यांत त्यावर काय शिजलें तें. ‘पाव.’ ‘मुलीसाठीं दूध (भुकटीचें).’ ‘घेवडा, दोन खंड.’ घेवडा फार वेळ शिजतो, असें आजीबाईंनीं मध्येंच सांगितलें, आणि सौभाग्यवतींनीं मान डोलाविली. युद्ध संपल्यावर तीं सारीं पुस्तकें पुनः विकत घ्यावयाचीं म्हणून ही यादी. यजमान 2009 सालीं वारले तोंवर 140 पुस्तकें परत आलीं होतीं. त्या नांवांपुढें निळ्या शाईची खूण होती. त्यापुढच्या हिरव्या खुणा नातीच्या. ती दर आठवड्यास जुन्या पुस्तकांच्या बाजारांत जाते. त्याच सालाची प्रत मिळाली तरच खूण करावयाची, हा आजोबांचा नियम ती पाळते. अजून 90 राहिलीं आहेत.

आम्हांस काय बोलावें तें सुचेना. आम्हीं मघाशीं उच्चारलेलें वाक्य त्या खोलींत अजून कोठें तरी लोंबकळत असल्यासारखें वाटत होतें. क्षमा मागावी, तर कोणत्या शब्दांनीं? आजीबाईंनींच वही मिटून आम्हांस आणखी थोडी कॉफी ओतली. ती खऱ्या कॉफीची होती.

रात्रीं दिवा मालविल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, “त्यांनीं जाळलीं, पण प्रत्येकाचें नांव त्यांच्यापाशीं आहे. आपल्या कपाटांतल्या कोणत्या खंडाला कसर लागली आहे तें तुम्ही सांगूं शकाल का?” आम्ही झोंपेचें सोंग घेतलें. कपाटाची किल्ली कोणत्या फडताळांत आहे, तेंही आम्हांस त्या वेळीं आठवत नव्हतें. आजोबा वारल्यावर त्यांतला एकही खंड आम्हीं मुळापासून वाचलेला नाहीं, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. कपाटासाठीं भावांशीं भांडतांना ही गोष्ट आम्हीं कधीं निघूं दिली नव्हती.

निघण्याच्या दिवशीं सकाळीं आजीबाईंनीं सौभाग्यवतींस विचारलें कीं तुमच्या घरांतही पुस्तकें पुष्कळ असतील नाहीं? सौभाग्यवतींनीं आमच्या आधींच ज्ञानकोशाचें सांगून टाकलें: खंड तेवीस, शंभर वर्षांपूर्वींचे, आणि ते कोठें ठेवावे ह्यावरून चाललेलें भांडणही. नात भाषांतर करीत असतां आजीबाईंनीं हातानें जाडी किती तें विचारलें. सौभाग्यवतींनीं अंगठा व तर्जनी ताणून दाखविली. आजीबाईंनीं मनाशीं हिशेब केला.

“तेवीस पाव,” त्या म्हणाल्या. मग क्षणभर थांबून त्यांनीं आणखी कांहीं विचारलें, आणि नातीनें तें थोडें लाजतच आम्हांस सांगितलें. कागद गुळगुळीत आहे का, असें नाना विचारते आहे. गुळगुळीत कागदाचा धूर फार होतो.